ठिणगी कोठें चुकली ?

गेल्या आश्विनांत, खंडेनवमीस तीन दिवस उरले असतां, मी साताऱ्याहून आमच्या गांवीं गेलों. गांव वाळवें तालुक्यांत, कृष्णेच्या कांठीं. १९४९ पूर्वीं हा मुलूख सातारा जिल्ह्यांतच मोडत असे. त्या सालीं 'दक्षिण सातारा' असा निराळा जिल्हा झाला आणि १९६० सालीं त्यास 'सांगली' हें नांव मिळालें. जिल्हे दोन झाले तरी आमचें घर एकच राहिलें. नोकरीचें माणूस साताऱ्यास, शेतीचें माणूस गांवीं, आणि सणावारीं सारीं एका पंक्तीस, असा आमचा रिवाज.

या खेपेस मात्र पंक्तींतच खंड पडला होता. पाय धुवून आंत जातों न जातों तोंच वहिनी म्हणाल्या, "भावोजी, तुम्हीच आतां कांहीं सांगा. बापलेक चार दिवस एकत्र जेवले नाहींत. सोमवारीं मिरजेचा भंगारवाला यायचा आहे."

कलहाचें मूळ गोठ्याशेजारच्या पडवींत उभें होतें. वडिलांनीं फार वर्षांपूर्वीं जुना म्हणून विकत घेतलेला तो विलायती ट्रॅक्टर. इंग्लंडांत कॉव्हेंट्री येथें १९४६ पासून १९५६ पर्यंत फर्ग्युसन टीई-२० जातीचे पांच लाखांहून अधिक ट्रॅक्टर तयार झाले. आमचा दुसऱ्या बनावटीचा असला तरी त्याच पिढींतला, पेट्रोलवर सुरू होणारा. आजच्या डिझेल इंजिनास ठिणगी लागत नाहीं. दाबल्यानें तापलेल्या हवेंतच तेल पेट घेतें. पेट्रोलच्या इंजिनास मात्र प्रत्येक वेळीं ठिणगी लागते, आणि तीही नेमक्या क्षणीं. चार सिलिंडरांचें इंजिन मिनिटास पंधराशें फेरे घेत असेल, तर सेकंदास पन्नास ठिणग्या पडाव्या लागतात. त्यांतील चार-दोन चुकल्या तरी इंजिन अडखळतें. मिस्त्री लोक यासच 'मिसिंग' म्हणतात.

जुन्या पद्धतींत हें काम 'पॉइंट' नांवाची एक चिमुकली जोडी करते. पॉइंट मिटले कीं कॉइलमधून प्रवाह वाहतो. उघडले कीं तो एकाएकीं तुटतो व त्या धक्क्यानें प्लगाशीं ठिणगी उडते. पॉइंट झिजतात, काळे पडतात, वरचेवर घासावे लागतात. चिरंजीवांनीं, म्हणजे माझ्या पुतण्यानें, ते काढून त्या जागीं इलेक्ट्रॉनिक मॉड्यूल बसविलें. त्यांत घासणारा भाग नसल्यामुळें झीज नाहीं. कल्पना उत्तम होती. इंजिन पहिल्या फिरकींत सुरू झालें, पण पाव तासानें तापतांच धक्के देऊं लागलें.

दादांनीं लगेच निकाल दिला : "चांगल्या चालत्या यंत्रांत नवें खूळ घातलें." पुतण्याचा निकाल याच्या अगदीं उलट : "इंजिनच म्हातारें झालें आहे. काढून टाकूं." दोघांनींही निकाल आधीं दिला होता, साक्षीपुरावा मात्र कोणींच घेतला नव्हता. याच परिसरांत कुंडलजवळच्या माळावर, औंध संस्थानच्या हद्दींत, १९१० सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं कारखाना उभारला. लोखंडी नांगरानें जमीन नासते, अशी त्या काळीं पुष्कळ शेतकऱ्यांची समजूत होती. नव्याविषयींचा संशय हा कांहीं दादांचाच दोष नव्हे. आणि जुन्याविषयींची अधीरता हाही पुतण्याचाच नव्हे.

मला यंत्रांतलें फारसें कळत नाहीं. परंतु जन्मभर मुलांस संस्कृत शिकविल्यामुळें न्यायशास्त्रांतील अन्वय-व्यतिरेक तेवढा ठाऊक. जें असतां कार्य घडतें आणि जें नसतां घडत नाहीं, तें कारण. पुतण्यास म्हटलें, "बाळ, एका वेळीं एकच गोष्ट बदलायची, आणि जें दिसेल तें लिहून ठेवायचें. माझ्यासाठीं म्हणून एवढें कर."

प्रथम प्रश्न असा कीं, चारांपैकीं एक सिलिंडर चुकतो कीं चारही? दर वेळीं इंजिन बंद करून एकेका प्लगाची तार काढली, ती इंजिनाच्या अंगास पक्की टेकवून बांधली, व पुन्हां इंजिन चालविलें. (अशा मॉड्यूलवर तार मोकळी लोंबत ठेवूं नये, कॉइल व मॉड्यूल दोन्ही जळण्याचें भय असतें.) चारही वेळां इंजिनाचा जोर सारखाच घटला. अर्थात् दोष एखाद्या प्लगाचा किंवा त्याच्या तारेचा नव्हे; तो चौघांस सामाईक असलेल्या कशाचा तरी.

मग सामाईक म्हणजे तेल कीं वीज? यासाठीं मॉड्यूल काढून जुने पॉइंट परत बसविले. इंजिन तासभर बिनतक्रार चाललें. कार्बोरेटर, तेल, इंजिनाचें वय, हीं सारीं निर्दोष सुटलीं. दादा ओट्यावरून नुसते हंसले.

विद्यार्थी फसतात तें नेमकें येथेंच. मॉड्यूल असतां दोष, नसतां नाहीं. मग मॉड्यूलच दोषी, असें वाटणें साहजिक आहे. पण दुकानदारानें विनातक्रार दिलेलें दुसरें मॉड्यूल बसवूनही इंजिन तसेंच अडखळूं लागलें. दोन्ही मॉड्यूलें एकाच रीतीनें बिघडलेलीं असणें संभवनीय नव्हतें. तेव्हां मी विचारलें, "पॉइंटला न लागणारें असें या मॉड्यूलला काय लागतें?" पुतण्या क्षणभर थांबून म्हणाला, "काका, पॉइंट म्हणजे नुसतें बटण. मॉड्यूलला स्वतःला वीज लागते."

त्यानें मीटर आणला. इंजिन मंद चालत असतां बॅटरीवर साडेतेरा व्होल्ट. आणि मॉड्यूलची लाल तार कॉइलच्या ज्या टोंकाशीं जोडली होती, तेथें जेमतेम आठ, तोही आंकडा थरथरता. बॅटरी व कॉइल यांच्यामध्यें वीज कोठें तरी अडत होती.

दादा ओट्यावरच होते. मी सहज विचारलें, "दादा, ही गाडी मुळांत बारा व्होल्टचीच कां हो?"

"छे, सहाची," दादा म्हणाले. "सहाची बॅटरी मिळेना, तेव्हां चाळीसएक वर्षांपूर्वीं मींच बाराची बसविली. कॉइल सहाचीच ठेवली. ती जळूं नये म्हणून मध्यें रोधक घातला." ते उठले, पत्र्यामागें हात घातला आणि काळ्या पट्टींत गुंडाळलेली चिनी मातीची बोटभर वस्तु दाखविली.

"बाबा, हें आधीं कां नाहीं सांगितलें?"

"मला कोणीं विचारलें?"

सारा उलगडा झाला. कॉइलचा रोध दीड ओहम, रोधकाचाही तितकाच. म्हणून कॉइलमधून चारच अँपिअर वाहत व ती सुरक्षित राही. पण कॉइलनें वीज ओढली कीं रोधकापलीकडचा दाब निम्म्यावर येई, आणि मॉड्यूल जोडलें होतें तें नेमकें त्या उपाशी टोंकाशीं. तापल्यावर रोधकांतील तारेचा रोध आणखी वाढे, कीं मॉड्यूल भान हरपे. पुतण्या रोधकच काढूं निघाला, तेव्हां दादांनीं त्याचा हात धरला : "तो काढशील तर प्रवाह दुप्पट होऊन कॉइल जाईल." उपाय एवढाच कीं, मॉड्यूलची लाल तार रोधकाच्या अलीकडे, चावीच्या बाजूस न्यावी, कॉइल मात्र पलीकडेच राहूं द्यावी. हातभर तारेचें काम.

ज्यांच्या घरीं असें जुनें वाहन असेल त्यांनीं सुधारणा करण्यापूर्वीं आणखी दोन गोष्टी पाहाव्या. पुष्कळ जुन्या विलायती गाड्यांत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असतें. मॉड्यूल त्याच जातीचें घ्यावें, उलट जोडल्यास तें क्षणांत निकामी होतें. दुसरें, नुसत्या तांब्याच्या प्लगतारांचा विद्युत्-गोंगाट कांहीं मॉड्यूलांस गोंधळवितो; तेथें रोधयुक्त तारा वापराव्या.

खंडेनवमीस ट्रॅक्टरला झेंडूच्या माळा चढल्या. पूजा झाल्यावर पुतण्यानें तो तासभर शेतांत फिरविला. इंजिन एकदांही अडखळलें नाहीं. मिरजेस फोन करून भंगारवाल्यास येऊं नको म्हणून कळविलें. दुपारीं पंक्तींत बापलेक शेजारीं शेजारीं बसले, आणि वहिनींनीं कोणास न विचारतां दोघांनाही श्रीखंड पुन्हां वाढलें.

संध्याकाळीं पाहतों तों पुतण्या कोरी वही घेऊन ओट्यावर बसला होता. दादा एकेक आठवून सांगत होते, तो लिहून घेत होता. पहिल्या पानावर रोधकाची नोंद होती. मी निघालों तेव्हां सातवें पान चालू होतें.