सडपातळ माणसाची शुगर

दिवाळी अंकाच्या पहिल्याच पानावर मधुमेह? फराळाचे ताट पुढे असताना हा विषय कुणालाच नको असतो. पण दोष चकली-अनारशांचा नाही. चार दिवसांच्या गोडाने हा आजार होत नाही.

साक्री तालुक्यातल्या पिंपळनेरच्या बाजारात तपासणीचा विषय काढला की ठरलेले उत्तर येते, "माले काही व्हत नही." बाजरीची भाकरी खायची, पांझरेकाठच्या शेतात राबायचे, अंगावर मांस नाही. शुगर व्हायची ती पोट सुटलेल्या शेठजीला!

या समजाला पुण्यातूनच धक्का बसला. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, सारखाच: २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून याज्ञिकांनी गरोदर बायकांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे सगळीकडून बारीक, पण कातडीखालची चरबी त्या मानाने टिकलेली. म्हणजे गोष्ट आईच्या पोटातच सुरू होते.

अशा माणसाला धोका दिसणार कसा? वजनकाटा फसवतो, दुखत तर काहीच नाही. २०२३ च्या आयसीएमआर पाहणीनुसार देशात १०.१ कोटी मधुमेही आहेत आणि १३.६ कोटी उंबरठ्यावर. वजनकाट्यापेक्षा शिंप्याची टेप बरी: पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटर आणि बाईची ८० झाली की रक्त तपासावे.

पाय कापावा लागेल, डोळे जातील, अशी भीती घालून माणसे फारशी बदलत नाहीत. डॉ. जगन्नाथ दीक्षितांचा दोन वेळा जेवण्याचा नियम गावोगाव पोचला. वैद्यकीय वाद बाजूला ठेवले, तरी तो सांगायला सोपा होता आणि त्याला पैसे लागत नव्हते. चेन्नईच्या २००६ च्या प्रयोगात तर उंबरठ्यावरच्या लोकांचा धोका नुसत्या चालण्याने आणि आहार सांभाळल्याने २८.५ टक्क्यांनी घटला.

तिशीपुढच्यांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. पण साक्री तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यातली आदिवासी कुटुंबे दिवाळी झाली की कोयता घेऊन गुजरातच्या ऊसतोडीला निघतात. त्यांत गरोदर बायाही असतात. त्यांच्यासाठी शिबिर घ्यायचे, तर ते दिवाळीआधीच घ्यायला हवे.