अंधारातला डोळा आणि रेणूचा बाक

परतवाड्याहून धारणीकडे जाणारा रस्ता सेमाडोहवरून मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून जातो. या रस्त्यावर रात्री वाहनाच्या झोतात सापडलेले सांबर पळून जाण्याऐवजी जागीच थबकते, तेव्हा त्याच्या डोळ्यात जे घडते त्याचा गाभा भौमितिक समघटकतेत आहे.

ज्या संयुगांत अणू तेच, त्यांची संख्या तीच आणि जोडणीचा क्रमही तोच असतो, परंतु दोन कार्बन अणूंमधील द्विबंधाभोवती सहजी फिरता येत नसल्यामुळे त्यांना जोडलेले गट एका रूपात एकाच बाजूला, म्हणजे सिस, तर दुसऱ्या रूपात विरुद्ध बाजूंना, म्हणजे ट्रान्स, राहतात, त्यांना भौमितिक समघटक म्हणतात. पाठ्यपुस्तके मॅलेइक आणि फ्युमारिक आम्लांची जोडी सांगून थांबतात, ही खेदाची गोष्ट आहे, कारण पाहण्याची क्रियाच या समघटकांवर चालते.

दृष्टिपटलातील शलाका पेशी मंद उजेडात पाहण्याचे काम करतात. त्यांच्यातील ऱ्होडॉप्सिन या प्रथिनात रेटिनल नावाचा रेणू बसलेला असतो आणि अकराव्या व बाराव्या कार्बनमधील द्विबंध सिस असल्यामुळे तो तेथे वाकलेला असतो. एक प्रकाशकण पडताच हा द्विबंध ट्रान्स होतो, रेणू सरळ होतो, प्रथिनाचा आकार बदलतो आणि मेंदूकडे संदेश निघतो. दृष्टीच्या या रसायनाचा उलगडा करणाऱ्या जॉर्ज वॉल्ड यांना १९६७ मध्ये नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. सरळ झालेला रेणू मात्र आपोआप पुन्हा वाकत नाही. तो शेजारच्या पेशीथरात जातो, तेथे विकरे त्याला सिस रूपात आणतात आणि मगच तो शलाकेत परततो. माणसाच्या डोळ्याला तीव्र उजेडानंतर अंधार पुरता सरावण्यास अर्धा तास किंवा अधिक लागतो, तो मुख्यतः याच फेरीमुळे. रेटिनल जीवनसत्त्व अ पासून बनते, म्हणूनच त्याच्या अभावी रातांधळेपणा येतो.

सांबराच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थरही असतो, त्यामुळे मंद उजेडासाठी घडलेल्या त्या डोळ्यावर प्रखर झोताचा मारा अधिकच होतो. प्राणी थबकण्यामागे भीती आणि चेतासंस्था यांचाही वाटा असतो. तरीही दिपलेल्या डोळ्याला दिसेपर्यंत वेळ देणे चालकाच्याच हाती आहे. सेमाडोहच्या वाटेवर रात्री गाडी हळू चालवावी, प्राणी दिसताच दिव्याचा झोत खाली करावा, हॉर्न वाजवू नये आणि तो रस्ता ओलांडेपर्यंत थांबावे.