आचारसंहिता संपते तिथून आमची निवडणूक सुरू होते

निकालानंतर कुठे दंगल झाली की वाहिन्यांवर एक ठरलेली पट्टी फिरते. तणावपूर्ण शांतता, बससेवा बंद, नागरिकांनी अनावश्यक प्रवास टाळावा. दोन-तीन दिवसांनी 'वाहतूक पूर्ववत' अशी ओळ येते आणि विषय मिटतो. समाजशास्त्रात संशोधन करताना या 'पूर्ववत' शब्दाचा मला दिवसेंदिवस जास्त राग यायला लागला आहे. कुणाची वाहतूक पूर्ववत झाली, हे कुणी विचारत नाही.

घरातलीच गोष्ट सांगते. आमचं गाव मराठवाड्यात, फाट्यापासून चार किलोमीटर आत. गेल्या ग्रामपंचायत निवडणुकीत माझी काकी अनुसूचित जातीच्या महिलेसाठी राखीव असलेल्या जागेवर निवडून आली. गुलाल उधळला तोवर सगळं गोड होतं, कारण ही बाई सहीपुरती आहे, असं तिला उभं करणारे धरून चालले होते. पहिल्याच सभेत उपसरपंचाची निवड होती. सांगितलेल्या माणसासाठी काकीने हात वर केला नाही.

दुसऱ्या दिवसापासून तालुक्याला जाणारी काळी-पिवळी आमच्या वस्तीसमोर थांबेना. मागची बाकं रिकामी दिसायची आणि ड्रायव्हर 'सीट फुल' म्हणून निघून जायचा. आमच्या बायांना कापूस वेचायला बोलावणं बंद झालं. गिरणीत दळणाचे डबे संध्याकाळपर्यंत तसेच पडून राहायला लागले. दगड नाही, काठी नाही, रक्त नाही. म्हणजे बातमीही नाही.

मी तेव्हा विद्यापीठाच्या वसतिगृहात होते. निकालाच्या रात्री काकीचा गुलालातला फोटो मी स्टेटसला ठेवला होता, खाली लिहिलं होतं, 'आता आमची सत्ता'. सुट्टीत घरी येते म्हटल्यावर वडिलांचा फोन आला. "अंधार पडल्यावर फाट्यावर उतरू नको. तालुक्याला मावशीकडं थांब, मी सकाळी घ्यायला येतो." सकाळी ते फाट्यापर्यंत पायी आले आणि तिथून बस धरली. स्टेटस माझं होतं, चार किलोमीटर त्यांच्या पायांनी मोजले.

काकी पोलीस ठाण्यात गेली. उत्तर मिळालं, "गाडी त्याची खासगी आहे बाई. कुणाला बसवायचं ते तो ठरवील. यात गुन्हा कसला?"

यात गुन्हाच आहे. अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २०१५ साली दुरुस्ती झाली, ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू आहे. त्यातलं कलम ३(१)(एन) मतदानानंतरच्या काळाबद्दलच आहे. मतदानानंतर मारहाण करणं, सामाजिक किंवा आर्थिक बहिष्कार टाकणं, बहिष्काराची धमकी देणं, हक्काच्या सार्वजनिक सेवेचा लाभ अडवणं हा गुन्हा आहे. त्याच्या आधीचं कलम ३(१)(एम) पंचायतीच्या दलित-आदिवासी सदस्याला आपलं काम करू न देण्याबद्दल आहे, आणि पुढचं (ओ) अमुक उमेदवाराला मत दिलं किंवा दिलं नाही म्हणून होणाऱ्या अत्याचाराबद्दल. म्हणजे निवडणुकीनंतर आमच्यावर काय येतं, हे संसदेला माहीत आहे. माहीत नाही ते ठाण्यात बसलेल्याला, किंवा त्याला माहीत करून घ्यायचं नाही.

कुणी म्हणेल, काळी-पिवळी थांबली नाही म्हणून एवढा आक्रोश कशाला? त्यांना मला मेलवलवूला न्यायचं आहे.

तमिळनाडूतल्या मदुराई जिल्ह्यातलं हे गाव. १९९६ मध्ये तिथलं पंचायत अध्यक्षपद अनुसूचित जातीसाठी राखीव झालं. धमक्यांमुळे आधी अर्ज मागे घेतले गेले, दलितांची घरं जाळली गेली, मतदानात गोंधळ घातला गेला. अखेर पोलीस बंदोबस्तात मुरुगेसन निवडून आले. बंदोबस्त मतदानापुरता होता. मुरुगेसन यांना पंचायतीच्या कार्यालयात पाऊल ठेवू दिलं गेलं नाही. ३० जून १९९७ रोजी जळालेल्या घरांच्या भरपाईसाठी जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन आलेली ही माणसं बसने गावाकडे परतत होती. बस अडवून मुरुगेसन आणि उपाध्यक्षांसह सहा दलितांना कापून काढलं गेलं. मुरुगेसन यांचं शीर धडापासून वेगळं केलं.

मतदानाला सहा महिने झाले होते. 'निवडणूक शांततेत पार पडली' असा शेरा एव्हाना फायलीत पडला असेल. मारेकऱ्यांनी जागा निवडली ती मतदान केंद्र नव्हती. न्याय मागायला गेलेल्या माणसाचा परतीचा रस्ता त्यांनी निवडला. या खटल्यात १७ जणांना जन्मठेप झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. तरी नोव्हेंबर २०१९ मध्ये राज्य सरकारने त्यातल्या १३ जणांना मुदतीआधी सोडलं. त्याच जिल्ह्यातल्या पाप्पापट्टी, कीरिपट्टी आणि नाट्टारमंगलम या राखीव पंचायतींत २००६ पर्यंत, तब्बल दहा वर्षं, दलित अध्यक्ष टिकू शकला नाही. एकतर कुणी अर्ज भरायला धजायचं नाही, नाहीतर निवडून आलेल्याला लगेच राजीनामा द्यावा लागायचा.

मेलवलवूची हत्या आणि आमच्या वस्तीसमोरून न थांबता जाणारी जीप यांच्या तीव्रतेत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, ते मला कळतं. पण दोन्हींचा निरोप एकच आहे. मत दे, पण मत असू देऊ नको. आणि तो निरोप रस्त्यावर दिला जातो. कारण तहसील, दवाखाना, ठाणं, कॉलेज सगळं गावाबाहेर आहे. ज्याच्या हातात रस्ता, त्याच्या हातात आमची नागरिकता. १९२९ साली धुळ्याहून परतताना बाबासाहेब चाळीसगावला उतरले. अस्पृश्यांवरच्या जुलमाच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी समितीचे ते सदस्य होते. तरी त्यांना वस्तीपर्यंत घेऊन जायला एकही टांगेवाला तयार झाला नाही. टांगा गेला, काळी-पिवळी आली. हुकूम तोच राहिला.

दुसरा आक्षेप असा येतो की निवडणुकीनंतरचा हिंसाचार पक्षांचा असतो, त्यात जात कशाला आणता? पश्चिम बंगालकडे बघू. २ मे २०२१ ला निकाल लागले आणि खून, जाळपोळ सुरू झाली. काही कुटुंबं गाव सोडून आसामच्या धुबरी जिल्ह्यात आसऱ्याला गेली. १९ ऑगस्टला कलकत्ता उच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने खून आणि महिलांवरच्या अत्याचाराच्या प्रकरणांचा तपास सीबीआयकडे दिला. तोपर्यंत प्रत्येक पक्ष आपापले मृतदेह मोजत होता. एकाला सगळी आकडेवारी खोटी वाटत होती, दुसऱ्याला पीडितांची जात फक्त भाषणापुरती आठवत होती. पक्ष हरला तर नेता शहरातल्या फ्लॅटवर जातो. ज्याची झोपडी दुसऱ्याच्या शेताच्या बांधाला लागून आहे, ज्याची मजुरी त्याच शेतात आहे, तो कुठे जाणार? जात इथे आहे. कुणाला पळता येतं आणि कुणाला परत त्याच दारात उभं राहावं लागतं, हे तीच ठरवते.

आणि म्हणूनच माझा खरा राग वेळापत्रकावर आहे. आचारसंहिता निवडणूक जाहीर झाल्यापासून ती प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत असते. निरीक्षक, भरारी पथकं, जादा कुमक, सगळं तेवढ्यापुरतं. ज्या दिवशी कुणी कुणाला मत दिलं याचा हिशोब गावात मांडला जातो, त्याच दिवशी सरकार आपलं बिऱ्हाड उचलतं. शक्य नाही म्हणावं, तर तेही खोटं आहे. २०२४ च्या लोकसभा निकालानंतर बंगालमध्ये केंद्रीय दलं काही काळ मुद्दाम ठेवली गेली होती. म्हणजे इच्छा असली की जमतं.

मागणी साधी आहे. राखीव जागा असलेल्या प्रत्येक पंचायतीत निकालानंतरचे किमान सहा महिने निवडणुकीचाच भाग धरा. अत्याचारप्रवण गावं शोधण्याची जबाबदारी नियमांनी राज्यावर टाकलेलीच आहे, ती यादी प्रत्येक निकालानंतर नव्याने करा. पीडित आणि साक्षीदारांच्या प्रवासाचा खर्च व संरक्षण हा कलम १५ए प्रमाणे हक्क आहे, तो मागायला तालुक्याला जाण्याइतका तरी रस्ता सुरक्षित ठेवा.

आणि थोडं आपल्याबद्दल. आपण घरातले पहिले पदवीधर. निकालाच्या दिवशी आपण शहरातून लिहितो, आणि त्याची वसुली गावात होते. म्हणून गप्प बसायचं का? नाही. पण नुसतं स्टेटस टाकून भागणार नाही. त्या सुट्टीत मी कलम ३(१)(एन) आणि (एम) मराठीत लिहून काढली, काकीचा अर्ज तयार केला, आणि दोघी ठाण्यात जाऊन पोच घेतल्याशिवाय उठलो नाही. गुन्हा आजही नोंदलेला नाही. वरच्या कार्यालयात अर्ज पाठवला आहे, त्याचं उत्तर नाही. जीप मात्र आठवड्याभरात थांबायला लागली. कागदाला ते भितात, एवढं मला कळलं.

गेल्या महिन्यात काकीला निरोप आला, पुढच्या वेळी उभी राहू नको. तिने उलट विचारलं, "पुढची सभा कधी आहे?"

जय भीम.