रेडिओचा कान नुसता तिखट असून भागत नाही

हौशी रेडिओचा संच विकत घ्यायचा म्हटले, की माहितीपत्रक एकच आकडा ठळकपणे पुढे करते. संच किती क्षीण संदेश ऐकू शकतो, याचा तो आकडा. ०.२ मायक्रोव्होल्ट, ०.१६ मायक्रोव्होल्ट! आकडा जितका लहान, तितका संच श्रेष्ठ, असे आपण सहज मानतो. माझे मत मात्र असे, की लघुलहरींवरच्या संचांची तुलना करताना हा आकडा सर्वांत शेवटी पाहावा.

का, ते आपल्याच भागाचे उदाहरण घेऊन पाहू. नांदेड ते लातूर हे सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटरचे अंतर. हातात धरायच्या छोट्या संचाच्या लहरी एवढ्या लांब पोचत नाहीत. ७ मेगाहर्ट्झच्या लहरी मात्र दिवसा जवळजवळ सरळ वर जातात आणि आयनांबरातून परतून दोन्ही गावांवर उतरतात. पण त्याच लहरींवर दूरवरच्या विजांची कडकड येते. शिवाय गावातल्या मोटारी, एलईडी दिवे आणि इन्व्हर्टर आपापली खरखर त्यात ओततात. खेड्यातल्या निवांत शेतातसुद्धा ही बाहेरची खरखर चांगल्या संचाच्या स्वतःच्या खरखरीपेक्षा शंभर पटींच्या आसपास असते. मग संच आणखी संवेदनक्षम करून ऐकू काय येणार? तीच खरखर, जरा मोठ्याने!

याची परीक्षा अगदी सोपी आहे. संच ७ मेगाहर्ट्झवर मोकळ्या जागी लावा आणि एरियलची तार काढा. खरखर एकदम उतरली, तर तुमचा संच पुरेसा संवेदनक्षम आहे.

खरी कसोटी वेगळीच आहे. माळेगावच्या जत्रेत दोन्ही बाजूंना हलगी वाजत असताना मित्र कानाशी काही कुजबुजला, तर ते ऐकायला तिखट कान पुरत नाही. मोठ्या आवाजाने न गोंधळणारा कान लागतो. रेडिओचेही तसेच आहे. समजा ७०५० आणि ७०५५ किलोहर्ट्झवर दोन जबरदस्त केंद्रे बोलत आहेत. हलका संच त्यांच्या जोराने गोंधळतो आणि त्याच्या पोटातच नवे संदेश तयार होतात. गणित करून पाहा: ७०५० ची दुप्पट वजा ७०५५ म्हणजे ७०४५, आणि ७०५५ ची दुप्पट वजा ७०५० म्हणजे ७०६०. या दोन जागी प्रत्यक्षात कोणीही बोलत नसते, तरी तिथे भुते बोलू लागतात, आणि एखादा खरा क्षीण संदेश तिथे असेल तर तो त्यांच्याखाली दबतो. क्षीण संदेश ऐकण्यापासून ते अशी भुते उठेपर्यंतचा जो पल्ला, त्याला इंग्रजीत डायनॅमिक रेंज म्हणतात. आपण सहनकक्षा म्हणू. ती डेसिबलमध्ये मोजतात.

ही केवळ प्रयोगशाळेतली बाब नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूर परिसरात भूकंप झाला. हजारो माणसे दगामातीच्या घरांखाली गेली. नंतरच्या मदतकार्यात हौशी रेडिओचालकांनीही भाग घेतला. अशा छावणीचे चित्र डोळ्यांसमोर आणा. एकाच आवारात तीन-चार संच मांडलेले असतात. एकावरून १०० वॅटने औषधांची मागणी चालू असते, आणि दहा पावलांवर दुसरा चालक मोटारीच्या बॅटरीवर चालणाऱ्या दूरच्या संचावरून जखमींची नावे उतरून घेत असतो. शेजारचा संच बोलू लागताच याचा संच बधिर झाला, तर एखादे नाव यादीत येतच नाही. ०.१६ मायक्रोव्होल्टचा तो आकडा अशा वेळी काय कामाचा?

सहनकक्षेचा आकडासुद्धा डोळे मिटून घेऊ नका. १९७० च्या दशकात अमेरिकेत ड्रेक कंपनीचा आर-४सी हा रिसीव्हर नावाजलेला होता. दोन जोरदार संदेश एकमेकांपासून २० किलोहर्ट्झवर ठेवून त्याची परीक्षा घेतली, की तो उत्तम उतरे. प्रत्यक्ष स्पर्धेच्या गर्दीत मात्र तो गोंधळून जाई. रॉब शेरवुड या अभियंत्याने हे अंतर २ किलोहर्ट्झवर आणले आणि दोष उघडा पडला. त्या संचातली पहिली गाळणी ८ किलोहर्ट्झ रुंद होती. २० किलोहर्ट्झवरचा दांडगा शेजारी ती बाहेरच अडवी, पण २ किलोहर्ट्झवरचा सरळ आत शिरे. म्हणून मोजताना अंतर किती ठेवले होते, ते आधी विचारा. शेरवुड यांनी पुढे बनवलेला प्रसिद्ध तक्ता जवळच्या अंतरावरील सहनकक्षेनुसारच लावलेला आहे.

पण त्या तक्त्यात वरच्या क्रमांकाचाच संच हवा, असा हट्ट धरणारेही मला पटत नाहीत. बोलण्यासाठी जवळच्या अंतरावर ८५ डेसिबलच्या आसपासचा संच माझ्या मते पुरेसा आहे. नांदेडात एकट्यानेच संच चालवणाऱ्याला त्यापुढच्या दहा डेसिबलांचा फरक क्वचितच जाणवेल. तेवढ्या पैशांत तार उंच बांधावी. ते जमत नसेल, तर हैदराबादच्या अश्हर फरहान यांनी आखलेला बिटएक्स संच स्वतः जोडून पाहावा. त्यातले वेटोळे नळाच्या वायसरवरही गुंडाळता येते!

संच हाताळायला मिळाला, तर त्यावर ॲटेन्युएटरचे बटण शोधा. ते येणारा संदेश ठरावीक प्रमाणात, समजा १० डेसिबलने, म्हणजे दहा पटींनी, कमी करते. संशयास्पद संदेश ऐकू आला की ते दाबा. खरा संदेश १० डेसिबलनेच उतरेल. पोटातले भूत ३० डेसिबलने, म्हणजे हजार पटींनी, उतरेल. लहरींचे थेट अंकांत रूपांतर करणाऱ्या नव्या संचांत हा हिशेब असाच जुळेल असे नाही. तिथे काय घडते, ते वहीत टिपून ठेवा.