हीटरला रेग्युलेटर कशाला, म्हणे!

व्हॉल्व्ह अँप्लिफायर बांधणाऱ्यांत एक कर्मठ पंथ आहे. हीटरला ६.३ व्होल्ट एसी जोडा, दोन्ही तारांना नीट पीळ द्या आणि गप्प बसा, एवढाच त्यांचा धर्म. या पंथाच्या एका अध्वर्यूंनी अलीकडे आम्हां रेग्युलेटरवाल्यांना 'मीटरचे गुलाम' ठरवले. त्यांचे आक्षेप चार. जुन्या उस्तादांनी एसीच वापरला. रेग्युलेटरने आवाज मरतो. सर्किट उगाच फुगते. आणि चौथे त्यांचे ब्रह्मास्त्र: कॅथोड तापायलाच दहा-वीस सेकंद लागतात, तेव्हा अशी सुस्त वस्तू विजेच्या चढउताराला काय भीक घालणार?

पहिले तीन वाटेतच सोडवू. १९४७ च्या विल्यमसन अँप्लिफायरचे हीटर एसीवर होते, कबूल. पण मॅरँट्झ ७ या नामांकित प्रीअँप्लिफायरमध्ये हीटरसाठी डीसीच होता. ते उस्तादांत बसत नाहीत काय? शिवाय सुरुवातीच्या रेडिओंचे फिलामेंट बॅटरीवर, म्हणजे शुद्ध डीसीवरच चालत. परंपराच सांगायची तर मुळापासून सांगा. आवाज मरतो म्हणणाऱ्यांनी, आत काय जोडले आहे हे न सांगता दोन्ही अँप्लिफायर ऐकावेत आणि मग प्रेत ओळखावे. सर्किट फुगते म्हणावे, तर मोजून मूठभर भाग वाढतात.

आता ब्रह्मास्त्र. कॅथोड सुस्त आहे, हे खरेच. पन्नास हर्ट्झच्या प्रत्येक हेलकाव्यासरशी त्याचे तापमान वरखाली होत नाही. पण गुणगुण तापमानाच्या वाटेने येते, असे सांगितले कोणी? ती येते हीटर आणि कॅथोड यांच्यामधल्या गळतीतून, त्यांच्यामधल्या धारकतेतून आणि हीटरच्या तारांभोवतीच्या चुंबकीय क्षेत्रातून. या तिन्ही वाटांना जडत्वाचा पहारा नाही. समोरचे दार बंद करून मागची तीन उघडी ठेवायची आणि चोर येणारच नाही म्हणायचे, असला हा युक्तिवाद. पॉवर स्टेजमध्ये हे खपते, कारण तिथे सिग्नल दणकट असतो. फोनो स्टेजमध्ये मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजकडून येतात जेमतेम पाच मिलिव्होल्ट. वर आरआयएए इक्वलायझेशन पन्नास हर्ट्झला एक किलोहर्ट्झच्या तुलनेत सुमारे सतरा डेसिबल, म्हणजे सातपट, उचलून धरते. ज्या स्वराची आपल्याला भीती, त्यालाच हे सर्किट पालखीत बसवते!

पण त्याहून मोठी गफलत पुढेच आहे. जडत्व झेलते ते क्षणभराचे हेलकावे. आपल्याकडची वीज काय क्षणभर डळमळते? गावाकडे पंप सुरू झाले की व्होल्टेज तासन्‌तास खाली बसते. भार उतरला की ते वर चढते आणि रात्रभर वरच राहते. वीस सेकंदांचे जडत्व तीन तासांच्या उतारापुढे काय करणार? २३० चे २०० झाले की हीटरच्या ६.३ चे साडेपाचही उरत नाहीत. २५५ झाले की सात होतात. उत्पादकांच्या कोष्टकांत सामान्यतः मुभा असते ती दहा टक्क्यांची, म्हणजे ५.७ ते ६.९. हीटर कमी तापला की उत्सर्जन घटते आणि ऑक्साइडचा लेप आतल्या वायूने विषारण्याची भीती वाढते; जास्त तापला की लेपातले बेरियम लवकर उडते. उत्सर्जनाची शिल्लक असते तोवर हे कानाला कळत नाही, आणि तेवढ्यावर आमचे अध्वर्यू निश्चिंत. फ्रिजला स्टॅबिलायझर घेताना मात्र हेच लोक दुकानदाराशी तासभर हुज्जत घालतात. फ्रिज त्यांना व्हॉल्व्हपेक्षा नाजूक वाटतो की काय, कोण जाणे.

याच मंडळींशी पूर्वी झालेला वाद आठवतो. व्हॉल्व्ह सारखे बंद-चालू केले तर बिघडत नाहीत, असे ते ठासून सांगत. सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचा एनिअ‍ॅक संगणक त्याचे चालक शक्यतो बंद करत नसत, कारण निकामी होण्याचे बरेच प्रकार तापताना आणि थंड होताना घडत. थंड हीटरचा रोध तापलेल्याच्या मानाने अगदी कमी, म्हणून सुरुवातीचा प्रवाह कितीतरी पट. तो वाद त्यांनी विषय बदलून जिंकला. असो.

मग करायचे काय? आउटपुट व्हॉल्व्ह खुशाल एसीवर ठेवा. ईएल३४ ची एक जोडी तीन अँपिअर खाते; तिथे रेग्युलेटर म्हणजे नुसती उष्णतेची भट्टी. पहिल्या टप्प्यांतल्या दोन ईसीसी८३ चे हीटर मात्र १२.६ व्होल्टला जोडा. प्रत्येकी १५० मिलिअँपिअर, मिळून ०.३. त्यांना १५ व्होल्टची स्वतंत्र वाइंडिंग, ब्रिज, ४७०० मायक्रोफॅरड आणि हीटसिंकवर एलएम३१७. बारा व्होल्टच्या वाइंडिंगवर काटकसर करू नका, कारण तिच्यात रेग्युलेटरला श्वास घ्यायलाही व्होल्ट उरत नाहीत. २४० आणि २२०० ओहमच्या रोधांनी सुमारे १२.८ व्होल्ट मिळतात. ॲडजस्ट पिनवर दहा मायक्रोफॅरड टाकला की रिपल ऐंशी डेसिबलच्या घरात दबतो. चालू करतानाचा धक्का एलएम३१७ ची आतली प्रवाहमर्यादा सौम्य करते. पुरवठा तरंगता ठेवू नका, ग्राउंडशी बांधा. कॅथोड फॉलोअर असेल तर हाय टेन्शनमधून विभाजकाने वर उचला, नाहीतर ईसीसी८३ ची हीटर-कॅथोडमधली १८० व्होल्टची मर्यादा ओलांडली जाईल.

एवढ्यावर समाधान नसेल, तर पंप जोरात चालू असताना मल्टिमीटर हीटरच्या पिनांवर लावा. आकडा ५.७ च्या खाली दिसला, तर जडत्वाचे प्रवचन त्या आकड्याला ऐकवा.