आई-बाबांना कॉलेज दाखवलंत का?

तुमच्या आई-बाबांनी तुमचं कॉलेज शेवटचं कधी पाहिलं? बहुतेकांचं उत्तर एकच असेल : ॲडमिशनच्या दिवशी. हातात कागदपत्रांची फाईल आणि समोर ऑफिसच्या खिडकीची रांग. त्यानंतर बोलावणं आलंच, तर हजेरी कमी भरली म्हणून. लायब्ररीतली तुमची ठरलेली जागा, लॅबमधलं काम, कॅन्टीनमधला कट्टा यातलं काहीच त्यांनी पाहिलेलं नसतं. फी मात्र तेच भरतात.

अमेरिकेत शिकायला गेलेली एखादी मैत्रीण असेल, तर ऑक्टोबरच्या सुमारास तिच्या स्टेटसवर 'होमकमिंग' आणि 'फॅमिली वीकेंड'चे फोटो दिसतात. होमकमिंगला जुने विद्यार्थी येतात, फॅमिली वीकेंडला घरची माणसं. ही प्रथा शंभर वर्षांहून जुनी आहे. इलिनॉय विद्यापीठात १९१० साली होमकमिंग झालं, ते दोन विद्यार्थ्यांच्या डोक्यातून निघालं होतं. पुढच्याच वर्षी मिसुरी विद्यापीठाचा कॅन्ससविरुद्धचा फुटबॉल सामना बाहेरच्या शहराऐवजी स्वतःच्या मैदानावर होणार होता. तिथले क्रीडाप्रमुख चेस्टर ब्रूअर यांनी जुन्या विद्यार्थ्यांना आवतण धाडलं : घरी या. हजारो लोक आले. सामना ३-३ असा बरोबरीत सुटला, प्रथा मात्र टिकली. पहिला मान कुणाचा, यावर तिथल्या विद्यापीठांत आजही चढाओढ आहे.

तिथलं सगळंच उचलावं असं नाही. त्या सोहळ्यात देणग्यांचा हिशेबही असतो. माहेरी आलेल्या लेकीला कुणी 'किती देणार?' असं विचारत नाही. घेण्यासारखं आहे ते एवढंच : तक्रार नसताना, काम नसताना बोलावणं.

आपल्याकडे मेळावे होत नाहीत का? होतात की! दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, तीन भाषणं, ग्रुप फोटो आणि नॅकच्या फाईलसाठी अहवाल. माजी विद्यार्थी म्हणून परदेशातला इंजिनीअर व्यासपीठावर दिसतो. कॉलेजसमोरच झेरॉक्सचं दुकान चालवणाऱ्याला निमंत्रण जात नाही. पालक मेळावा कामाच्या दिवशी सकाळी अकराला. रोजंदारीवर जाणाऱ्या बाबांनी त्या दिवसाची मजुरी बुडवून यायचं का?

आणि थोडं स्वतःकडेही बघा. 'कशाला येताय, काही नसतं तिथं' असं आपणच घरी सांगतो ना? आईचं नऊवारी, बाबांची बोली, इंग्रजी न येणं हे मित्रांसमोर नको वाटतं. घरातून कॉलेजात गेलेले तुम्ही पहिलेच असाल, तर हे ओझं जास्तच जड असतं. पण तुमच्या शेजारच्या बाकावरचाही तेच लपवत असतो. सगळ्यांचेच आई-बाबा एका दिवशी आले, तर लपवायचं कुणी आणि कुणापासून?

म्हणून एक रविवार मागून घ्या. माइक नको, सत्कार नको. गाईड तुम्हीच. मायक्रोस्कोपखाली काय दिसतं ते आईला दाखवा. बाबांना वर्गात तुमच्या बाकावर बसवा. समोरच्या दुकानातल्या त्या जुन्या विद्यार्थ्यालाही हाक मारा. खर्च फक्त चहाचा.

गॅदरिंगच्या मीटिंगा सुरू व्हायच्या आत प्राचार्यांकडे अर्ज द्या. खाली वर्गातल्या सगळ्यांच्या सह्या घ्या. आणि घरी आजच विचारून ठेवा, कुठला रविवार जमेल?