उभं राहण्याची शिक्षा

बऱ्याच दिवसांत इकडे फिरकलो नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं आणि डॉक्टरांनी कॉम्प्युटरला हात लावायचा नाही अशी तंबी दिली होती. आता बरं दिसतंय, तेव्हा जे दिसलं तेच लिहितो.

माझ्या धाकट्या बहिणीची नात बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे. दोन महिन्यांपूर्वी ती सिडकोतल्या एका मोठ्या किराणा मार्टमध्ये कामाला लागली. (दुकानाचं नाव लिहीत नाही, पोरीच्या पोटावर पाय नको.) घरात एकदम सुतकी वातावरण! बहिणीचा फोन आला, "दादा, तू तरी समजाव तिला. उद्या कुणी विचारलं मुलगी काय करते, तर काय सांगायचं? किराणा दुकानात आहे म्हणून?"

आता हे मला विचारणं म्हणजे कमालच. बहीण तेव्हा लहान होती, तिला आठवत नसेल. १९७० ते ७२ अशी दोन वर्षं मी जुन्या मोंढ्यात एका शेठजींकडे किराणा दुकानात होतो. सकाळी कॉलेज, दुपारनंतर दुकान. बी.ए.ची फी त्यातूनच निघाली. गावाकडून काही येण्यासारखं नव्हतंच, कारण ७२ चा दुष्काळ. ज्यांनी तो पाहिला त्यांना सांगायला नको. ज्यांनी पाहिला नाही त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना 'मिलो' आणि 'सुकडी' हे दोन शब्द विचारून बघावेत.

ते काम सोपं होतं असं कुणी समजू नका. रद्दीच्या कागदाची पुडी अशी बांधायची की बाई घरी पोचेपर्यंत जिऱ्याचा एक दाणा सांडता कामा नये. दोरा वरून टांगलेल्या रिळातून ओढायचा, दोन वेढे द्यायचे आणि बोटाच्या झटक्याने तोडायचा. हे जमायला मला महिना लागला. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं. मग दोन, तीन. ग्रॅम-किलो येऊन दहा वर्षं झाली तरी खेड्यातल्या बाया पावशेर आणि छटाकच मागायच्या. शेराचा पाव आणि किलोचा पाव यांत थोडा फरक पडतो, तो भांडण न होता समजावून सांगायचा. पुढे वर्गात अपूर्णांक शिकवताना मला जड गेलं नाही, त्याचं श्रेय त्या तागडीला आहे.

आणि तरीही (हे लिहायला लाज वाटते) नोकरीच्या सगळ्या वर्षांत मी किती पोरांना म्हणालो असेन, "अभ्यास कर, नाहीतर दुकानात पुड्या बांधत बसशील!" स्वतः पुड्या बांधून बी.ए. झालेला माणूस!

असो. बहिणीला म्हटलं, आधी बघून तर येतो. एका रविवारी संध्याकाळी पिशवी घेऊन गेलो. पोरगी काउंटरवर होती. तिचं काम बघून खरंच कौतुक वाटलं. साखर, तेल, साबण, बारकोड दाखवून पुढे, मध्येच एखाद्या आजोबांना कूपन समजावणं, सुटे पैसे, पुन्हा पुढे. गल्ल्यात रात्री कमी भरलं तर जाब तिलाच. काउंटर नसेल तेव्हा रॅक भरायचे, जुन्या तारखेचा माल पुढे आणि नवा मागे. शेठजीसुद्धा मला हेच सांगायचे, फक्त तेव्हा तारीख छापलेली नसायची, नाकाने ओळखावी लागायची.

पण एक गोष्ट डोळ्यांत खुपली. तिला बसायला काही नव्हतं. कुणालाच नव्हतं. सहा काउंटर, सहा मुली, सगळ्या उभ्या. घरी आल्यावर विचारलं तर म्हणाली, "नऊ तास उभंच असतं आजोबा. जेवणाला अर्धा तास तेवढं बसतो." रात्री ती गरम पाण्यात पाय सोडून बसते, हे बहिणीने नंतर सांगितलं. वय वर्षं वीस!

आमचे शेठजी कडक होते, पगार वेळेवर देत नसत. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की "बस रे तुरीच्या पोत्यावर" म्हणायचे. मार्टमध्ये एसी आहे, गाणी आहेत, फक्त पोतं नाही.

मी मास्तर होतो. वर्गात बाकावर उभं करणं ही शिक्षा होती आणि मी ती दिलेली आहे, पस्तीस मिनिटांच्या तासाची. कुणी गृहपाठ केला नाही म्हणून, कुणी खोडी काढली म्हणून. दुसऱ्या तासाला पोरगा उभा दिसला तर आमचे हेडमास्तर खाली बसवायचे. मग या मुलींनी काय केलंय?

माझं मत असं की, आपण नातेवाईक मंडळी चुकीच्या गोष्टीची लाज धरून बसलोय. कामात लाजण्यासारखं काही नाही. लाज वाटायची तर त्या नसलेल्या खुर्चीची वाटावी. कारखान्यात उभ्याने काम करणाऱ्यांसाठी बसायची सोय हवी, हे १९४८ च्या फॅक्टरी ॲक्टमध्येच लिहिलेलं होतं. दुकानांसाठी केरळने २०१८ साली तसा कायदा केला. तोही कोझिकोडच्या कापड दुकानांतल्या बायका बसण्याच्या हक्कासाठी वर्षानुवर्षं भांडल्या तेव्हा. तामिळनाडूने २०२१ साली केला. आपल्याकडे २०२५ साली दुकानांतले कामाचे नऊ तास दहा करायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली, त्याची चर्चा पेपरात झाली. खुर्चीबद्दल मात्र मी आपल्या शहरात कुणाला बोलताना ऐकलेलं नाही. मीही कुठे बोललो होतो म्हणा, घरातली पोरगी लागेपर्यंत?

पुढच्या रविवारी मॅनेजरला गाठलं. तरुण मुलगा, नम्र. म्हणाला, "सर, स्टाफ बसलेला असला की कस्टमरला बरं दिसत नाही." म्हटलं, "बाबा रे, कस्टमर मीच आहे. मला बरं दिसेल." तो हसला. मी त्यांच्या तक्रारवहीत पानभर लिहिलं, खाली सही, 'निवृत्त शिक्षक' असंही लिहिलं. मागच्या चार काकूंनाही सह्या करायला लावल्या. एकीने विचारलं, "तुमची कोण लागते का हो?" मी सरळ नाही म्हणालो. पोरगी ऐकत होती, मान खाली घालून बिल करत होती.

रात्री तिचा फोन आला. "आजोबा, माझ्या काउंटरला येत जाऊ नका. सुपरवायझर विचारत होता." आवाज जरा कापरा होता. मग म्हणाली, "पण वहीत लिहीत जा."

तेव्हा आता मी सहा नंबरच्या रांगेत उभा राहतो. वहीत चार रविवार झाले. सिडकोत राहणाऱ्या मंडळींनी आपापल्या मार्टमध्ये अशी वही आहे का, ते बघून मला कळवावं.